‘असंच चालते ते’ म्हणून सोडू नका

दिवेलागणीला वस्तीच्या तोंडाशी कोणी येताना दिसले, की चेहरा दिसायच्या आधीच आपण सांगतो, “तो पाहा, मधला येऊन राहिला.” कशावरून? चालीवरून. चुलीपाशी बसलेली आई नुसत्या पावलांच्या आवाजावरून घरचा माणूस की पाहुणा ते ओळखते. माणसाच्या चालीची आपल्याला एवढी पक्की ओळख असते. पण तीच चाल बदलली, पाऊल वाकडे पडू लागले, पोरगे एका अंगावर झुकून चालू लागले, तर आपण काय म्हणतो? “असंच चालते ते.” “सुधरन मोठं झाल्यावर.” म्हातारे माणूस असेल तर, “आता वय झालं.” वाचकहो, या तीन वाक्यांपायी किती पाय कायमचे गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. म्हणून या वेळी आम्ही चालण्याविषयीच लिहायचे ठरवले आहे.

आधी धडधाकट माणूस कसा चालतो ते पाहू. आपली टाच आधी टेकते, मग तळवा, आणि शेवटी अंगठ्याने जमीन मागे रेटून पाय उचलला जातो. एका पायाच्या एका फेऱ्याचे शंभर भाग केले, तर सुमारे ६० भाग तो पाय जमिनीवर असतो आणि ४० भाग हवेत. मध्ये थोडा वेळ दोन्ही पाय जमिनीवर असतात. धावताना मात्र तसे होत नाही. डावा पाय पुढे गेला की उजवा हात पुढे जातो. आणि एक पाय हवेत असताना सगळा भार दुसऱ्या खुब्यावर येतो, तेव्हा खुब्याच्या बाजूचे स्नायू कंबर समतोल धरून ठेवतात. हे सारे मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा घडते आणि आपल्याला त्याची खबरही नसते. डोक्यावर भारा आणि काखेत लेकरू घेऊन शेताच्या धुऱ्यावरून जाणाऱ्या बाईकडे एकदा नीट पाहा. तेवढा तोल साधायला मेंदू, पाठीचा कणा, नसा, स्नायू, सांधे, डोळे आणि कानाच्या आतले तोलाचे यंत्र असे सगळे एका वेळी कामाला लागलेले असते. यांपैकी काहीही बिघडले, तरी त्याची खूण चालीत उमटते.

ही खूण पाहायला कोणतीही मशीन लागत नाही. माणसाला अनवाणी दहा पावले जायला सांगा आणि वळून परत यायला सांगा. एकदा मागून पाहा, एकदा बाजूने. मग त्याच्या रोजच्या चपला उलट्या करून पाहा. एका चपलेचा पुढचा भाग घासला असेल, तर तो पाय फरफटतो आहे. आतली कड झिजली असेल, तर पाय आत कलतो आहे. चपला शिवणाऱ्या कारागिराला हे डॉक्टरच्याही आधी कळते, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

आता लेकरांकडे वळू. मूल साधारण वर्षाच्या आसपास चालू लागते. दीड वर्ष झाले तरी स्वतःहून चार पावले टाकत नसेल, तर दाखवलेच पाहिजे. पण सगळ्याच गोष्टींनी घाबरून जायचे कारण नाही. दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, तीन-चार वर्षांचे झाले की उलट गुडघे एकमेकांना लागतात, आणि सातव्या वर्षापर्यंत ते बहुधा आपोआप सरळ होतात. लहान मुलाचा तळवा सपाट दिसतो, तेही वयाप्रमाणेच आहे. त्यासाठी पाय ओढून मालिश करू नये, काळा दोरा तर नकोच नको. मात्र एकच पाय वाकलेला असेल, वाक दिवसेंदिवस वाढत असेल, पाय दुखत असेल, किंवा तीन वर्षांनंतरही मूल सतत चवड्यावरच चालत असेल, तर ती बाब वेगळी.

काही मुले जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेले घेऊन येतात. हजार जन्मांमागे एखाद-दुसऱ्या बाळाला असे होते, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये दुपटीने. आपल्याकडे हे पाऊल दिसले रे दिसले, की खोलीतल्या बाया आईकडे पाहतात. “ग्रहण पाळलं नसन.” “ग्रहणात भाजी चिरली असन.” बाळंतपणाने अर्धमेली झालेली ती पोरगी मग आयुष्यभर तो ठपका वागवते. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. देव्हारे निघाले, पंचांग गेले. पण बाळंतिणीच्या खोलीतले ग्रहण अजून कितीतरी घरांतून निघालेले नाही, हे आम्ही स्पष्टच लिहितो. चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्याने पोटातल्या बाळाचे पाऊल वळत नाही. आईने विळी हातात घेतली की नाही, याचा त्याच्याशी काडीइतकाही संबंध नाही.

आणि हे पाऊल सरळ होते. स्पेनमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आयोवा येथे काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी त्याची रीत बसवून दिली. आज आपल्या देशातही बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे वळवून प्लास्टर घालतात. अशी पाच-सात प्लास्टरे झाली, की बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या दोरीला एक लहानसा छेद देतात. त्यानंतर दांडीने जोडलेले बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत फक्त झोपताना. खरी गाडी अडते ती या बुटांपाशी. पाऊल सरळ दिसू लागले की घरचे म्हणतात, झाले आता. लेकरू रडते म्हणून आजी बूट काढून ठेवते, आणि वर्षभरात पाऊल परत वळते. भगिनींनो, प्लास्टरांपेक्षाही हे बूट महत्त्वाचे आहेत. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. त्यात हे पाऊल आणि जन्मतः निखळलेला खुबा ही दोन्ही व्यंगे धरलेली आहेत, आणि पुढच्या उपचारांचीही सोय आहे. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

निखळलेल्या खुब्याची गोष्ट अधिक फसवी, कारण ते मूल रडत नाही, त्याला दुखत नाही. चालू लागल्यावर ते बदकासारखे डुलत चालते आणि घरच्यांना त्याचे कौतुक वाटते. पहिलटकरणीचे बाळ, मुलगी आणि पायाळू जन्म, या तिन्हींत ही शक्यता जास्त असते. बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळले तरीही खुब्याला अपाय होतो. आपल्या बाया लेकराला कडेवर घेतात, त्याचे दोन्ही पाय कमरेभोवती फाकलेले राहतात. खुबा जागेवर बसण्यासाठी हीच ठेवण चांगली, असे हाडांचे डॉक्टर सांगतात. आजीची सगळीच रीत टाकाऊ नसते!

मुलगा तीन-चार वर्षांचा झाला तरी सारखा पडतो, जिना चढताना कठडा सोडत नाही, जमिनीवरून उठताना हात आधी गुडघ्यावर, मग मांडीवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो, आणि पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या भरलेल्या. असे दिसले तर तो स्नायूंचा आनुवंशिक आजार असू शकतो. तो पूर्ण बरा होत नाही. पण लवकर कळला तर औषधाने आणि व्यायामाने चालण्याची वर्षे वाढवता येतात.

आता ज्या आजाराविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही, त्याकडे येऊ. तो म्हणजे सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून विदर्भात बौद्ध, आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा आजार असल्याचे वारंवार दिसून आले आहे. कोणाच्या पापाचा यात प्रश्न नाही आणि जातीला कमीपणाही नाही. जगात जिथे जिथे हिवतापाने पिढ्यानपिढ्या माणसे मारली, तिथे तिथे हा गुण रक्तात टिकला, कारण एकाच पालकाकडून तो आलेल्या मुलाचा हिवतापापासून काही प्रमाणात बचाव होतो. दोन्ही पालकांकडून आला तर मात्र आजार होतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात.

याचा चालण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध खुब्याशी आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोल गोळा अगदी बारीक नळ्यांच्या रक्तावर जगतो. त्या तुंबल्या की गोळ्याचे हाड आतून मरू लागते आणि भाराखाली हळूहळू चेपते. शाळेत जाणारा पोरगा किंवा नुकता कामाला लागलेला तरुण जांघेत दुखते म्हणतो, कधी नुसता गुडघाच दुखतो म्हणतो, आणि लंगडू लागतो. घरचे गुडघ्याला बाम चोळत बसतात. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते, हे ध्यानात ठेवा. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय डॉक्टरने गोळी लिहून दिली, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा. सुरुवातीलाच कळले तर भार कमी करून, औषधे आणि व्यायाम देऊन आणि गरज पडली तर छोटी शस्त्रक्रिया करून खुबा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. गोळा चेपल्यावर कृत्रिम खुब्याशिवाय फारसा उपाय उरत नाही.

लग्नाच्या बोलणीत आपण पगार विचारतो, घर विचारतो, रक्त विचारत नाही. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, आणि वाहक मुलीला नाकारणे हा तर शुद्ध अडाणीपणा आहे. फक्त दोघांची तपासणी आधी व्हावी, एवढेच. देशात १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. आपल्या सरकारी दवाखान्यात तपासणीविषयी विचारा.

दुसरी गोष्ट सुईची. आपल्या माणसाला सुई टोचल्याशिवाय डॉक्टरने काही केले असे वाटतच नाही. तापलेल्या लेकराला कुल्ल्यावर चुकीच्या जागी सुई बसली, की तिथून जाणारी पायाची मोठी नस दुखावते आणि पाऊल लुळे पडते. पोलिओच्या काळात तर असेही दिसून आले होते, की अंगात पोलिओचा विषाणू असताना दिलेल्या सुईने त्याच पायात लकवा उतरत असे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि बूथवर बसणाऱ्या हजारो साध्या माणसांनी हे काम केले. पण त्या काळात पाय गेलेली आपली भावंडे आज चाळिशी-साठीत आहेत. इतकी वर्षे दुप्पट काम केलेला त्यांचा चांगला पाय आता थकतो, नवा अशक्तपणा येतो. त्यांनी ‘आता आमचं काय’ म्हणू नये. त्यांनाही नवे बूट, नवी पट्टी, नवे व्यायाम लागतात.

पाऊल लुळे पडण्याचे आणखी एक कारण आपल्या मजुरीत आहे. निंदण असो की सोयाबीनची सोंगणी, बाया दिवसदिवस उकिडव्या बसून पुढे सरकतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी जवळून एक नस जाते. तासन् तास उकिडवे बसल्याने ती दबते. संध्याकाळी उठल्यावर पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, चालताना पाय उंच उचलावा लागतो आणि पाऊल ‘फट्’ करून आपटते. बरेचदा काही आठवड्यांत ते आपोआप सुधारते, पण दाखवून घ्यावे. दर अर्ध्या तासाने उभे राहून चार पावले चालणे हा यावरचा बिनपैशाचा उपाय आहे. ठेकेदार ओरडला तरी उभे राहावे.

हीच नस कुष्ठरोगातही बिघडते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, आणि त्यातच पाऊल लोंबू लागले, तर एक दिवसही वाट पाहू नका. औषध मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभर घेतले की रोग बरा होतो. पाऊल लुळे राहिलेच, तर मागच्या स्नायूची दोरी पुढे आणून ते पुन्हा उचलते करण्याची शस्त्रक्रिया आहे. आपल्या शेजारच्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले, त्या काळी अशा माणसाला गावाबाहेर काढत. आज रोग बरा होतो. पण गावाबाहेर काढणारी नजर अजून काही डोळ्यांत आहे.

मजुरीचा विषय निघाला म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. ती वऱ्हाडातली नाही, पण वाचण्यासारखी आहे. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत लाखोळी पेरतात. पाऊस गेला, गहू-हरभरा बुडाला, तरी लाखोळी तग धरते. विल्यम स्लीमन, म्हणजे ज्याने ठगांचा बंदोबस्त केला तोच इंग्रज अधिकारी, त्याने आपल्या १८४४ सालच्या पुस्तकात मध्य भारतातल्या सागर भागाविषयी लिहून ठेवले आहे. १८२९ पासून तिथे गव्हाची पिके बुडत गेली, लोक लाखेवर जगले, आणि काही वर्षांत तिशीच्या आतली तरणी माणसे कमरेपासून खाली लुळी पडू लागली. पुढे रेवा-सतना भागात तर वेठबिगारांना मजुरीच लाखेच्या रूपात मिळे. दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली, की तिच्यातले विष पाठीच्या कण्यातल्या नसा मारते. पाय ताठतात, गुडघे आत वळतात, चालताना कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांना आडवे जातात. डॉक्टरांनी या रोग्यांचे प्रकार पाडले तेही काठीवरून. एक बिनकाठीचा, एक एका काठीचा, एक दोन काठ्यांचा, आणि शेवटचा रांगणारा.

विचार करा, तोच गाव, तोच दुष्काळ. ज्याच्या कोठारात गहू तो सरळ चालला, आणि ज्याला मजुरीत लाख मिळाली तो रांगला. यात दैव कुठे आले? आता ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातेवडा’ अशा कमी विषाच्या जाती निघाल्या आहेत. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले तरी विषाचा बराच भाग जातो, आणि अधूनमधून थोडी डाळ खाल्ल्याने कोणी लुळे पडत नाही. प्रश्न फक्त तेच खाऊन जगावे लागणाऱ्यांचा होता.

घरातल्या मोठ्या माणसांविषयी थोडक्यात. चालता चालता अचानक एक पाय ओढू लागला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर हा लकव्याचा झटका आहे. कोंबडीचे रक्त चोळू नका, बाबाकडे नेऊ नका. गुठळी विरघळवण्याची सुई साडेचार तासांच्या आतच उपयोगाची असते, त्यामुळे थेट अकोल्याचे सर्वोपचार, अमरावतीचे इर्विन, किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. ही सुई तिथे मिळते का, हे निघतानाच फोनवर विचारा. पावले बारीक बारीक पडू लागली, एक हात हलेनासा झाला, वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, तर ते नुसते म्हातारपण नाही, कंपवात असू शकतो, आणि त्यावर गोळ्या आहेत. साखरेचा आजार असणाऱ्याने रोज रात्री तळवे पाहावेत. काटा रुतलेला न कळणे ही चांगली खूण नव्हे.

ज्यांचा पाय खरोखरच गेला, त्यांच्यासाठी १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ निघाला. त्याचे नाव निघाले की डॉ. प्रमोद सेठींचे नाव घेतात, ते योग्यच. पण तो पाय हाताने घडवला रामचंद्र शर्मा या फारशा न शिकलेल्या कारागिराने. विलायती पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. आपल्याला उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते, चिखलातून अनवाणी जायचे असते, हे त्या कारागिराला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आणि कायद्याचे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यात स्नायूंचा आजार, कंपवात, बरा झालेला कुष्ठरोग आणि सिकलसेलही आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तर सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो, इतरही सवलती मिळतात. लाज वाटते म्हणून प्रमाणपत्र न काढणारी घरे आम्ही पाहिली आहेत. आणि वस्तीत कोणाला ‘लंगड्या’, ‘फेंगड्या’ म्हणून हाक मारली जात असेल, तर त्याला आई-बापाने ठेवलेले एक नाव आहे, त्या नावाने हाक मारावी.

शेवटी काठीविषयी, कारण दहातले बरेच जण ती चुकीच्या हातात धरतात. उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात धरायची आणि उजव्या पायाबरोबर पुढे टाकायची. असे केले की दुखऱ्या खुब्यावरचा भार हलका होतो. दुखऱ्या बाजूलाच धरली तर माणूस त्याच बाजूला झुकतो. चपला घालून सरळ उभे राहिल्यावर हात खाली सोडला, की मनगटाची घडी जिथे येते तेवढी काठी उंच असावी. खाली रबरी बूच लावून घ्यावे, आणि ते झिजून गुळगुळीत झाले की पावसाळ्याच्या आत बदलावे.